रोज एक फोटो

ताई : आधी ती खिडकी उघड.

बाळ्या : उघडीच आहे गं.

ताई : मग दुसरी उघड. नाकातून थेट मेंदूत चाललाय वास. आणि तू इथे बसून चहा पितोयस.

बाळ्या : सवय होते. रंगाचा वास आहे, ताई. भिंत पाडली, फरशी बसवली, काल रंगाचा पहिला हात मारलाय. बघ ना खोली केवढी मोठी झाली. आईला आवडेल.

ताई : रंगाचा वास मला कळतो. हा त्या प्लास्टिकखालून येतोय. काढ ते.

बाळ्या : तूच म्हणाली होतीस, माशांच्या टाकीत धूळ जायला नको. मी चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून झाकली. आता तेही चुकलं का? आई कुठे आहे?

ताई : खाली काकूंकडे बसवलीय. डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला जिन्यातल्या सिमेंटमधून कशी आणू? म्हटलं, आधी वर जाऊन बघते. बरं सुचलं मला. काढतोस की मी काढू?

बाळ्या : काढतो गं. पण आधीच सांगतो, काल रात्रीपर्यंत ठणठणीत होते.

ताई : शी.

बाळ्या : म्हणजे रात्रीतूनच काहीतरी झालं असणार.

ताई : रात्रीतून? अंगावर बुरशी चढलीय त्यांच्या. डोळे गळून पडलेत. तो म्हातारा बघ, फिल्टरला चिकटलाय, अर्धाच उरलाय. आईच्या बोटामागे फिरणारा मासा तो. आणि पाणी बघ. यात कोणीतरी ब्रश बुचकळलेत. सिगारेटचं थोटूकही आहे.

बाळ्या : ते कामगारांचं. मी तर दुपारची सिगारेटसुद्धा सोडलीय. त्यांना बजावून सांगितलं होतं, टाकीजवळ जायचं नाही.

ताई : फिल्टरचा प्लग का निघालाय?

बाळ्या : फरशी कापायच्या मशीनला लागत असेल. काढला असेल तासाभरासाठी.

ताई : आणि परत कोणी लावायचा होता? माशांनी?

बाळ्या : हे बघ, माझ्यावर घसरू नकोस. रोज फोटो पाठवलाय तुला. एक दिवस चुकवला नाही. कालचा काढ बरं. म्हातारा कसा काचेला नाक लावून उभा आहे.

ताई : काढला. ये इकडे. काय दिसतंय?

बाळ्या : मासा.

ताई : माशाच्या शेजारी. काचेत समोरची भिंत उमटलीय. निळी भिंत आणि तिच्यावर बाबांनी टांगलेलं घड्याळ. दिसतंय?

बाळ्या : हो. मग?

ताई : आता मान वळव आणि ती भिंत मला दाखव.

बाळ्या : ती तर पाडली ना.

ताई : आम्ही गेलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी पाडलीस ती. मग काल रात्री काय, फोटोपुरती उभी राहिली?

बाळ्या : अगं, तसं नाही. मी एकदमच काढून ठेवले होते. तुम्ही निघालात त्या संध्याकाळी. एक लाइट लावून, एक लाइट बंद करून, एक पडदा ओढून. एक खाली बसून. म्हटलं, रोज एकेक पाठवू.

ताई : का?

बाळ्या : का म्हणजे? तू तिकडे दवाखान्यात आईपाशी. तुला घोर नको म्हणून.

ताई : माझ्यासाठी केलंस.

बाळ्या : मग? वाईट हेतू नव्हता.

ताई : तू इथे झोपत तरी होतास का?

बाळ्या : धुळीने मला शिंका येतात, तुला ठाऊक आहे. मित्राकडे होतो. पण येऊनजाऊन होतो. परवा आलो, दारातून पाहिलं, प्लास्टिक जागच्या जागी होतं.

ताई : दारातून पाहिलंस. खाली फरशीवाला भेटला मला. म्हणाला, मासे वर येऊन तोंड उघडतायत म्हणून साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, ते तसंच करतात, तू तुझं काम बघ. शेवटी त्याने प्लास्टिकचा एक कोपरा उचकटला, जरा हवा जाईल म्हणून. मग बाकीच्यांना ब्रश धुवायला आयती जागा झाली.

बाळ्या : मला काय माहीत माशांना काय होतं ते?

ताई : माहीत करून दिलं होतं. जाताना चपला घालता घालता सांगितलं होतं. मासे टबात काढ, टाकीतलंच पाणी घाल, टब आतल्या खोलीत ने, दाराखाली ओला टॉवेल लाव. तेही होणार नसेल तर माशांच्या दुकानदाराला फोन कर. तो स्वतः येऊन घेऊन जाणार होता, काम संपेपर्यंत सांभाळणार होता. बोलून ठेवलं होतं मी त्याच्याशी. तुला फोन तेवढा करायचा होता. तेवढाही केला नाहीस.

बाळ्या : राहून गेलं. माणसाचं राहतं कधीकधी.

ताई : फोटो पाठवायचं बरं राहिलं नाही.

बाळ्या : ताई, मासेच होते गं शेवटी. संध्याकाळच्या आत नवीन आणतो, याच रंगाचे. आईला अजून धूसरच दिसतंय ना? तिला काय कळणार आहे?

ताई : लांब हो जरा. खरंच लांब हो. या पाण्यात मी हात घालीन, पण तुझा हात नको वाटतोय मला.

बाळ्या : आता हे जास्त होतंय.

ताई : जास्त? डोळ्यावर पट्टी बांधून ती पडून असायची आणि रोज विचारायची, बाळचा फोटो आला का? म्हातारा काय करतोय? टाकीतली गोगलगाय कुठे बसलीय? आणि मी मूर्खासारखी तुझा फोटो बघून सांगायचे, मजेत आहेत गं सगळे. गोगलगाय डाव्या कोपऱ्यात आहे. इथे ते सडत होते आणि मी तिकडे गोडगोड सांगत होते. खोटं तुझं, पण तिने ते माझ्या तोंडून ऐकलं. याची शिसारी येतेय मला.

बाळ्या : चुकलं. पाय धरू का? पण यावरून पुढचं मोडू नकोस. पुढच्या महिन्यात तू परदेशी नोकरीवर जायचं आणि आईने इथे माझ्यापाशी राहायचं, हे ठरलंय. तू कंपनीला होकार कळवलायस.

ताई : कळवलाय. तीच चूक आता डोळ्यांसमोर तरंगतेय.

बाळ्या : आई आणि मासे एक आहेत का? काहीही बोलतेस. आईच्या डोळ्यात थेंब घालीन, औषधं देईन, जेवायला वाढीन. इतकी वर्षं तू केलंस, आता मी करतो. तू निर्धास्त जा. विश्वास नसेल तर रोज तिचा फोटो पाठवत जाईन.

(दारात आई. काळा चष्मा, एक हात चौकटीवर.)

ताई : आई? तू एकटी जिना चढलीस?

आई : कठड्याला धरून चढले. मगाचीच उभी आहे बाहेर. दम खात होते.

बाळ्या : ये, ये, बस. ही खुर्ची घे. आई, फिल्टर जरा बिघडलाय, तर मी आजच्या आज—

ताई : गप्प बस तू.

आई : जिन्यात तुमचे आवाज येत होते. बुडबुड्यांचा येत नव्हता. बाबा गेल्यावर घर फार गप्प झालं म्हणून ती टाकी आणली होती आपण. त्या आवाजावर झोप लागायची मला.

ताई : आई, सॉरी गं. मी रोज तुला सांगत राहिले...

आई : तू जे दिसलं ते सांगितलंस. मला तेव्हाच वाटलं होतं. रोज आपली गोगलगाय डाव्या कोपऱ्यात. ती कधी एका जागी बसलीय? सकाळी तळाशी, दुपारी काचेवर, रात्री झाकणाला.

ताई : मग बोलली का नाहीस?

आई : काय बोलू? पोटचा आहे. म्हटलं, असेल काहीतरी, घरी गेल्यावर बघू. मनातल्या मनात त्याच्या बाजूने बोलत पडून राहायचे.

बाळ्या : आई, चुकलं माझं. पुन्हा नाही होणार. तू इथे राहिलीस की बघशीलच. ताईलाही रोज फोटो—

आई : ऐकलं ते. बाळ, एक काम कर. आतल्या कपाटातून माझे चारपाच कपडे काढून आण.

बाळ्या : कपडे? आत्ताच्या आत्ता कुठे चाललीस तू?

आई : कुठे नाही. इथेच बसते, या खुर्चीत. एकेक बदलत जाते. तू एक लाइट लावून घे, एक पडदा ओढून घे. माझेही आजच काढून ठेव.