बखरीतले गाडीवान

मी मूळची बोरीची, आन् मास्तरीण झाले ती सोनपेठकडच्या एका खेड्यात, आता काय सांगू तुम्हाला, इतिहासाचा तास म्हणलं की पोरं निस्ती जांभया द्यायची. आमच्या वडलायला वाचायचा लय नाद, उर्दू बी वाचायचे, त्यायच्यापाशी पानिपताची एक जुनी बखर होती, तीच उचलून वर्गात नेली आन् सरळ वाचाया लागले, तर पोरायच्या जांभयाच पळाल्या. भाषा जुनी, अर्धे शब्द कळंनात, पर ती उपाशी फौज, ते घोडे, समदं डोळ्यापुढं.

वर्गात राधा म्हणून पोरगी होती, मायबाप दरसाल ऊसतोडीला जाणारे. बखरीत फौजेमागच्या बुणग्यायचं आलं, म्हंजी गाडीवान, चारावाले, बायालेकरं, तशी ती उठली, म्हणली, म्याडम, हे तर आमीच की, बिऱ्हाड घेऊन चाललेले, त्यायचं पुढं काय झालं? मी म्हणलं, बाई, त्यायची नावं कोणी लिहिली न्हाईत. ती म्हणली, मंग आपण लिहू. झालं! पोवाडाच रचला आमी, बखरीतलेच शब्द घेऊन, आन् राधा असा आवाज लावायची की शेजारचे वर्ग खिडकीत.

मंग ऊसतोडीचा फड सुरू व्हायची येळ आली, तिचा बाप शाळेत हजर, पोरीला न्यायलोय, धाकट्याला सांभाळाया कोणी न्हाई. मी म्हणलं, दादा, भांडण मागून करू, आधी ऐका. तो दारातच उकिडवा बसला. राधा गायली, गाडीवान बैलाला म्हणतो, चल रे राजा, घर लय लांब हाय, तसा बाप मधीच वरडला, अगं असं न्हाई, बैल हलंल का असं! आन् भर वर्गात जीभ टाळ्याला लावून असं चुचकारलं त्यानं, पोरं हसून लोळायली, तो बी हसला. मंग लाजला, भाईर गेला, फाटकापाशी बायकोसंग लय येळ बोलला. तीच आत आली, म्हणली, ठेवते हिला नणंदंकडं, धाकट्याला नेते मी फडात, निजंल उसाच्या पाचटावर.

ते धाकटं लेकरू तसंच फडात वाढलं, मायबाप अजून बी ऊस तोडायलेत, ते कुठं लगेच सुटतंय. पर राधा परभणीला कॉलेजात हाय, इतिहासच घेतलाय. मागल्या महिन्यात आली, माझ्या वर्गाला शिकवायली, मी मागच्या बाकावर बसले आन् सारखा हात वर करायले, तर म्हणती कशी, म्याडम, दुसऱ्यायला बी बोलू द्या की! सुखी राहो माझी बाय, आन् असंच मला गप बसवत राहो.