हात वर गेला

खांदा आखडलेला रंगारी आपली पाळी यायच्या आतच सटकावं म्हणून खुर्चीतून अर्धा उठला होता. तेवढ्यात इंजेक्शनच्या खोलीतून एक म्हातारी आली आणि बाहेर थांबलेल्या सुनेसोबत त्याच्या शेजारीच बसली.

"आई, फार दुखलं का हो?"

"टोचताना मुंगी चावल्यासारखं झालं. मग मी पडद्यातच गुंगले."

"कसल्या पडद्यात?"

"अगं, डॉक्टरबाई खांद्यावर ते सोनोग्राफीचं यंत्र फिरवत होत्या. आत शिरणारी सुई मला पडद्यावर दिसत होती, पांढऱ्या रेघेसारखी. नेमकी सांध्यात गेली. औषध भरताना आतली जागा फुगली, तीसुद्धा पाहिली मी."

"मागे दोनदा टोचूनही काही उपयोग झाला नव्हता."

"तेव्हा अंदाजपंचे टोचलं होतं. आज बघून टोचलं."

रंगारी पुन्हा खुर्चीत टेकला.

"हात हलवून बघा म्हणाल्यात का त्या? पण हळू हं."

"हळूच करतेय. हे बघ, कानापर्यंत आला."

"अगंबाई! अजून वर जातोय?"

"मध्ये बोलू नकोस. गेला! डोक्यावर गेला गं!"

"मग रडताय काय?"

"आठ महिने तुझ्याकडून वेणीफणी करून घेतेय. आण तो आकडा इकडे."

"मी खोवते ना."

"हात लावू नकोस!"

आकडा दातांत धरून म्हातारीने दोन्ही हात मानेमागे नेले. रंगारी श्वास रोखून बघत राहिला.

"झाला. कसा दिसतोय अंबाडा?"

"जरा वाकडा झालाय, आई."

"असू दे वाकडा. माझ्या हातचा आहे!"