सोनटक्क्याचा गड्डा

मंडळी, आज एकच प्रश्न विचारतो. माणसानं भ्यावं कुणाला? देवाला? भुताला? की ज्याच्या हातात आपलं छप्पर आहे त्याला? पुढच्या रांगेतले मानकरी हसतायत. हसा. गोष्ट तुमच्यापर्यंत येतेच आहे.

तर ऐका. घाटाखाली एक गाव. गावात शंकराचं देऊळ. पूजेला द्वारका गुरवीण. नवरा गेला, मूल नाही, म्हणून पूजाही तीच करायची आणि कौलही तीच लावायची. बाईनं कौल लावलेला देवाला चालतो का? चालत होता बुवा! फुकट होती ना ती!

एक दिवस तातोबा गावकर आले. देवळाचे कारभारी. म्हणाले, "द्वारके, जत्रेला पाहुणे यायचेत. देवळाभोवती बाग पाहिजे. झेंडू नको, तो दरसाल नवा लावावा लागतो. एकदा लावलं की वर्षानुवर्षं फुलेल असं काहीतरी लाव."

"आणि खर्चाला?"

तातोबांनी दोनशे रुपये काढले. जत्रेत गाणी वाजवायच्या कर्ण्याला किती घातले होते ते मी सांगत नाही, देवळात बसलोय.

"जमत नसेल तर सांग हो. त्या खोलीत दुसरा गुरव राहील."

झालं!  देवळामागची ती एक खोली, तेवढंच तिचं जग. दोनशेचं शेणखत आलं आणि संपलं. मग बाई दारोदार निघाली. कुणाकडून अबोलीची फांदी, कुणाची जास्वंद, कुणाच्या परसातला कर्दळीचा गड्डा. करवंट्यांत माती भरून रोपं धरली. तीन बाजू भरल्या. राहिली पायरीची डावी बाजू, नेमकी दर्शनी.

आणि ओढ्याकाठी तिला दिसला सोनटक्का. दाट, कंबरेएवढा. कुंपण नाही, मालक नाही. न विचारता आणलेलं रोप जास्त जोम धरतं, असं आपल्या बायका मानतात की नाही? माना डोलावताय, म्हणजे तुमच्याही अंगणात आहे काहीतरी. उन्हं कलताना बाईनं कुदळ घातली आणि अख्खा गड्डा उपटला.

घरी येऊन मुळं धुतली. मुळांत काहीतरी लकाकलं. ओढून काढलं — चांदीचा वाळा. दोन बोटांत मावेल एवढा.

मंडळी, तान्हं मूल गेलं तर आपण जाळत नाही, पुरतो. ओढ्याकाठी. हे द्वारकेला माहीत नव्हतं? होतं. बागेच्या धास्तीत विसरली. वरच्या आळीतल्या अनशीचं पोर गेल्या साली गेलं होतं, दात यायच्या आधी. त्याच्यावर आईनं सोनटक्का लावला होता आणि खाली पायातला वाळा ठेवला होता.

बाईला आठवलं. म्हणाली, परत लावावा. पण पायरीची बाजू? खोली? तिनं वाळा हळदीच्या डब्यात दडवला आणि गड्डा पायरीशी लावला. मातीत हात घातला की वाटायचं, आतून कुणीतरी बोट धरतंय.

दुसऱ्या दिवशी अनशी ओढ्यावर गेली, पाण्याचा तांब्या घेऊन. तिथं झाड नाही. खड्डा.

तिला काय वाटलं असेल? चोर वाटला? नाही हो. तिला वाटलं, कोल्ह्यानं लेकरू उकरून नेलं.

चार दिवस ती बाई रोज हातात दगड घेऊन ओढ्याकाठी जाऊन बसत होती. खड्ड्यात हात घालायचं धाडस होईना. पाचव्या दिवशी देवळात आली. "मावशी, कौल लावा. विचारा देवाला, माझं लेकरू जागेवर आहे का?"

कौलाला गाव जमलं. देवाच्या दगडाला दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. द्वारकेनं उजवी जरा सैलच लावली. पडली. सगळे सुटल्यासारखे झाले. तातोबा म्हणाले, "जा अनशे घरी."

अनशी हलली नाही.

"मग खड्डा कुणी केला? जनावरानं नाही, तर माणसानं केला का? लावा मावशी, दुसरा कौल लावा."

द्वारकेनं पाकळी उचलली. लावली, घसरली. पुन्हा लावली, घसरली.  तिसऱ्यांदा तिनं पाकळी खाली ठेवली.

"देवाला विचारू नको गो. मी केला."

डबा आणला. हळदीनं पिवळा झालेला वाळा अनशीच्या हातावर ठेवला.

अनशी रडली नाही. हळू बोलली. "चार दिवस तुमच्या दारावरनं जात होते. तुम्ही विचारायचात, अनशे, जेवलीस का?"

तातोबा ओरडले, "विटाळ केलास! खोली रिकामी कर!"

अनशीनं मान वळवली. "बागेला किती दिले होतेत, तातोबा?"

तातोबा चपला शोधायला लागले.

भर दुपारी द्वारकेनं तो गड्डा डोक्यावर घेतला, सगळ्या आळीतून नेला, जिथला तिथं लावला. अनशीनं पाणी घातलं. माफ केलं? नाही. आजही बोलत नाही ती. खोली मात्र राहिली, फुकटात राबणारा दुसरा गुरव मिळाला नाही म्हणून.

बाकी बाग दरवर्षी फुलते. पायरीच्या डाव्या हाताला हातभर जागा उघडी आहे. द्वारका तिथं काही लावत नाही, कुणाला लावू देत नाही.

बाई देवाला भ्यायली, मेलेल्या लेकराला भ्यायली, तातोबाला भ्यायली. जी आई खड्ड्यापाशी बसली होती, तिला भ्यायची राहिली.

आता तुम्ही. तुमच्यातही कुणीतरी असेल, रोज कुणाच्या तरी दारावरून जाताना "जेवलास का" विचारणारा, आणि डब्यातलं डब्यातच ठेवणारा. आणि कुणीतरी असेल, दोनशे देऊन बाग मागणारा. निघताना सगळे विचारतील, बुवा, गाव कुठलं ते?

सांगत नाही. सांगितलं की तुम्ही सुटलात.