सुजाताचा कोड कोणी घेईना

अरे, साकीनाक्याच्या त्या सॉफ्टवेअरवाल्या ऑफिसात मी चहा द्यायचो ना, तिथली गंमत. चार टीम होत्या आणि चारही टीम आपापलं लॉगिनचं पान पहिल्यापासून लिहीत बसायच्या. आमच्या सुजाताने एकदाच झकास लिहून सगळ्यांसाठी ठेवलं होतं. पण एवढी शिकलेली माणसं, दुसऱ्याचा कोड वापरला तर यांचं नाक कापलं जाणार! साहेबांनी तिला बजावलं, "महिनाअखेरपर्यंत कोणी वापरलं नाही, तर तुझं हे काम बंद."

पोरगी रडवेली झाली. मग मी गणेशच्या टीमला चहा देता देता पुटपुटलो, "सुजाताचा कोड भारी आहे म्हणे. पण साहेब फक्त पलीकडच्या टीमला देणार आहेत." पलीकडे जाऊन नेमकं उलटं सांगितलं.

जेवणाच्या सुट्टीआधीच दोन्ही टीमचे हेड तिच्या टेबलाशी हजर. "सुजाता, आम्हाला पण दे ना यार!"

ती चक्रावली. "अरे, सगळ्यांसाठीच आहे तो! थांबा, आत्ता सगळ्या ऑफिसला मेल टाकते."

मी तिच्या हातात कप कोंबला आणि कानात म्हणालो, "आधी चहा पी गं बाई. अजून दोन टीम बाकी आहेत."