मागच्या खोलीची हवा

(वर्धा. एका कचेरीचा मागचा व्हरांडा. मे १९८३, दुपारचे साडेतीन.)

चंद्रभान : ते सारं मंग. आधी बुड टेकवा, श्रीनिवासभाऊ. तुमाले एक गोष्ट सांगतो. तुमच्याच घरची हाय, पन तुमाले ठाऊक नाई.

श्रीनिवास : मिस्त्री, टेबलावर फायलींचा ढीग पडलाय. मागच्या खोलीत हवा सुरू झाली की नाही, तेवढं सांगा.

चंद्रभान : तेवढंच सांगाचं असतं तं शरयूबाईजवळ निरोप ठेवला असता. तुमच्या बोरगावच्या घरून इथवर सायकल हानत आलो, डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन. तो नाल्यापाशीच वाळला. असा हौसेनं आलो का?

श्रीनिवास : बरं, बोला. पण थोडक्यात.

चंद्रभान : थोडक्यात सांगनारा माह्या खानदानात झाला नाई. तं आयका. सकाळी तुमचा निरोप आला का मागच्या खोलीत हवा येत नाई, अण्णाजी तापून राह्यले.

श्रीनिवास : तापले कसले, पेटलेच. चार दिवस बाबा माझ्याशी बोलत नव्हते. आज बोलले, ते सगळ्या गल्लीनं ऐकलं.

चंद्रभान : काय म्हनले?

श्रीनिवास : तुम्हाला कळलंच असेल.

चंद्रभान : कळलं. पन तुमच्या तोंडून येऊ द्या.

श्रीनिवास : म्हणाले, 'लेकानं आपल्या खोलीत हिमालय आणला अन् बापाची हवा तोडली.' दारात उभे राहून! शेजारचे प्रभाकरराव कुंपणाशी दात घासत होते, ते ब्रश तोंडात ठेवून तसेच उभे राहिले. मी मान खाली घालून कचेरीत आलो. तुम्हीच सांगा, मी तोडली का हवा?

चंद्रभान : थांबा नं. मी बारा वाजता पोचलो. अण्णाजी बाजेवर बसलेले, बंडी घामानं पाठीले चिकटलेली. अन् बाजेखाली ट्रंक. कुलूप लावलेली.

श्रीनिवास : ट्रंक?

चंद्रभान : मी म्हनलं, 'कुठी निघाले जी?' म्हने, 'तळेगावले. पाचची गाडी हाय. माह्या दारातल्या निंबाखाली जेवढी हवा येते तेवढी मले पुरते. तिची मूठ कोनाच्या हातात नाई.'

श्रीनिवास : शरयू काही बोलली नाही?

चंद्रभान : तिले पत्ताच नाई. तिले वाटते, म्हातारा लोकरीचे कपडे उन्हात टाकाले काढून राह्यला. सव्वाचारले रिक्षावाला बोलावून ठेवला त्यानं. अन् मले म्हनला, 'मिस्त्री, या घरात माहा पाय आता पडत नाई. मी मेल्यावर लेकानं तळेगावले यावं.' ...अजी, उठले कुठी?

श्रीनिवास : घरी. आत्ताच्या आत्ता.

चंद्रभान : बसा. जाऊन सांगाल काय त्याले?

श्रीनिवास : जे खरं आहे ते. गच्चीवर एकच मोठा कूलर, त्याची हवा मिस्त्रींच्या पत्र्याच्या बोगद्यातून तीन खोल्यांत येते, तीन तोंडांना तीन झडपा. झडपांच्या मुठी खोल्यांबाहेरच्या बोळीत आहेत, आणि तिन्ही वर आहेत. मूठ वर म्हणजे झडप उघडी. कोणी हात लावलेला नाही. या, बघा डोळ्यांनी.

चंद्रभान : त्यानं पाह्यल्या. दिवसातून धा वेळा पाह्यते. तो म्हनते, 'मूठ वर हाय हे मलेही दिसते. आतून काय करून ठेवलं ते कोनाले दिसते?'

श्रीनिवास : झालं मग! आता यावर काय बोलायचं?

चंद्रभान : त्याच्यावर बोलाचं नसते, शोधाचं असते. मी गच्चीवर गेलो. पत्रा असा तापलेला का पापड भाजून घ्यावा. कूलरची खस ओली, पंप चालू, पंख्याचा पट्टा ताठ. खाली येऊन बोगद्याचं झाकन खोललं. वाटलं, पारव्यानं घरटं केलं असंन. तेही नाई. झडप सताड उघडी. मंग मी आपलं जुनं औजार काढलं.

श्रीनिवास : कोणतं?

चंद्रभान : पेपरची पट्टी. वीतभर फाडाची अन् हवेच्या तोंडापाशी धराची. तुमच्या समोरच्या खोलीत धरली, फडफड! मधातल्या खोलीत धरली, तिथंही फडफड. अण्णाजीच्या खोलीत धरली तं मेलेल्या पालीवानी लोंबून राह्यली.

श्रीनिवास : म्हणजे हवा खरंच येत नव्हती?

चंद्रभान : नावाले नाई. म्हातारा खोटं बोलत नव्हता, हे पह्यले ध्यानात घ्या.

श्रीनिवास : पण झडप उघडी, बोगदा साफ. मग अडलं कुठं?

चंद्रभान : तेवढ्यात अण्णाजी मोरीवर गेले, आंगावर दोन लोटे पानी घ्याले. मी एकटा खोलीत. खिडकीकडे पाह्यलं. बंद. कडी लावलेली. खालच्या फटीत फडका कोंबलेला, सुईच्या टोकाएवढी फट नाई. मी कडी काढली, चार बोटं फळी सरकवली, अन् पट्टी धरली. बाप्पा! हातातून उडाली. खुंटीवरचं कॅलेंडर खाली आलं.

श्रीनिवास : खिडकी! अहो, फक्त खिडकी बंद होती? चार दिवस खिडकी बंद करून बसले आणि गल्लीभर माझं नाव... मिस्त्री, हसावं का रडावं?

चंद्रभान : दोन्ही नका करू. मी काय केलं ते आयका. खिडकी पुन्हा बंद केली. फडकाही कोंबला. कॅलेंडर टांगलं. अन् चूप बसलो.

श्रीनिवास : का? तिथंच दाखवायचं होतं त्यांना!

चंद्रभान : मी त्याले फक्त इचारलं. आंग पुसत आला, तं म्हनलं, 'अण्णाजी, एवढ्या गर्मीत खिडकी बंद काऊन जी?' म्हातारा माह्यावरच उखडला. म्हने, 'मंग काय उघडी ठेवू? थंडी बाहेर नाई जानार? लेकाचं मीटर फिरून राह्यलं, अन् मी त्याची थंडी गल्लीले वाटू?'

श्रीनिवास : थंडी कुठली! खोलीत थंडी नव्हतीच.

चंद्रभान : नव्हती. तरी वाचवत होता. म्हने, 'येईन तवा तं राहीन.'

श्रीनिवास : असं म्हणाले?

चंद्रभान : अस्संच. तुमी आपल्या बापाले पानी वाटतानी पाह्यलं का नाई?

श्रीनिवास : पाहिलंय. लहानपणी. साझ्याच्या विहिरीवर तेच पाण्याची बारी लावायचे.

चंद्रभान : तळेगावात अजून लोकं सांगते. चार भावक्या, एक विहीर, अन् भांडन नाई. काऊन? अण्णाजी फावडं घेऊन दांडावर उभा. चूळभर पानी बांधाबाहेर गेलं तं त्याले भाकर गोड लागत नव्हती. असा मानूस खिडकी उघडी ठेवते का? अन् अशा मानसाले जवा वाटते का आपल्या बारीचं पानी आपल्याच लेकानं तोडलं, तवा तो ट्रंक भरते.

श्रीनिवास : पण त्यांना एवढं तरी कळायला हवं की हवेला बाहेर जायला वाट लागते.

चंद्रभान : तुमाले कवा कळलं?

श्रीनिवास : तुम्ही सांगितलं तेव्हा. मागच्या उन्हाळ्यात, बसवलं तेव्हा.

चंद्रभान : बरोब्बर. मी तुमाले सांगतलं, शरयूबाईले सांगतलं. का भाऊ, ज्या खोलीत थंडी पाह्यजे त्या खोलीची खिडकी चार बोटं खुली. वावराच्या खालच्या आंगाले वाट नसंन तं वरचं पानी आत शिरत नाई, तुंबते. अन् बाजूचे दोन वावरं मोकळे असले तं सारं पानी तिकडेच पळते. तुमच्या दोन्ही खोल्या मोकळ्या होत्या. म्हाताऱ्याची हवा तुमीच खाऊन राह्यले, भाऊ. जानून नाई, पन खाल्ली. मी हे सांगतलं तवा अण्णाजी कुठी होते?

श्रीनिवास : गावी. उन्हाळ्यात पहिल्यांदाच आलेत यंदा. एरवी हिवाळ्यात येतात. संक्रांतीला आले होते.

चंद्रभान : आले ठिकान्यावर. संक्रांतीले ते यंत्र कसं चालते?

श्रीनिवास : हिवाळ्यात पाणी बंद, पंखा हळू. गच्चीवरच्या टिनाखाली तापलेली हवा खाली येते. तेही तुमचंच डोकं.

चंद्रभान : डोकं राहू द्या. खिडक्या?

श्रीनिवास : बंद ठेवतो. तिन्ही. थोडीशीच हवा असते, दाराच्या फटीतून निघून जाते.

चंद्रभान : अन् अण्णाजीले हे कोनी सांगतलं? का खिडकी बंद ठेवा?

श्रीनिवास : संक्रांतीला?

चंद्रभान : बोला नं.

श्रीनिवास : मी.

चंद्रभान : मले म्हनला तो. 'संक्रांतीले मी खिडकी उघडली तं श्रीनिवासनं येऊन लावली. म्हने, बाबा, खिडकी उघडू नका, सारं बाहेर जाते. तवापासून मी शिकलो.' असं म्हनला, 'शिकलो.' सत्तर वर्साचा मानूस.

श्रीनिवास : फडका पण मीच दिला होता. फटीत लावायला.

चंद्रभान : तोच हाय. निळ्या काठाचा.

श्रीनिवास : यंदा आल्यावर सांगायचं राहूनच गेलं. सकाळी मी निघतो, सायंकाळी घरी जातो तेव्हा ते अंगणात बसलेले असतात. आणि दुपारी सासरे लवंडलेले असताना शरयू त्या खोलीत जात नाही. कोणाला दिसलंच नाही. आता काय करू? जातो आणि सरळ सांगतो. बाबा, माझीच चूक. मीच सांगितलं नाही.

चंद्रभान : तुमी लय शिकले, पन बापाले नाई शिकले. तुमी म्हनाल, 'माही चूक.' तो इचारंन, 'कोनती?' तुमी म्हनाल, 'खिडकी.' अन् तो खिडकीकडे पाहीन. तिथंच त्याले समजंन का सकाळी चार लोकांपुढं आपन लेकाले जे बोललो ते खोटं होतं. हवा तोडलीच नव्हती. मंग?

श्रीनिवास : मग राग जाईल.

चंद्रभान : राग जाईन, अन् लाज येईन. अजी, आता तो रागानं चालला. रागानं गेलेला मानूस दिवाळीले परत येते. लाजेनं गेलेला येत नाई. मी माह्या चुलत्याले पाह्यलं. नुसत्या एका बैलावरून भावावर चोरीचा आळ घेतला, अन् बैल रानात चरतानी सापडला. बारा वर्सं जिता होता, भावाच्या अंगनात आला नाई. भाऊ बलावून थकला.

श्रीनिवास : मग सांगायचं काय? काहीतरी सांगावंच लागेल. नाहीतर खिडकी बंदच राहणार.

चंद्रभान : मी त्याले सांगून आलो.

श्रीनिवास : काय?

चंद्रभान : का झडप माह्याच हातून उलटी बसली. मूठ वर केली का आतली झडप लागते. तुमी रोज मूठ वर ठेवत होते, का बापाले हवा जावो. अन् आत ती बंद होत होती.

श्रीनिवास : हे खोटं आहे.

चंद्रभान : हाय.

श्रीनिवास : तुमची झडप उलटी नाही.

चंद्रभान : तीस वर्सांत एक नाई. पन आता एक हाय.

श्रीनिवास : आणि पटलं त्यांना?

चंद्रभान : आधी माह्याकडे पाह्यलं. मंग मुठीकडे. मंग म्हने, 'म्हंजे श्रीनिवासनं वरच ठेवली होती?' मी म्हनलं, 'रोज.' तं खाली बसला. मंग मी दुसरं सांगतलं. का अण्णाजी, आता मी झडप सुलटी करतो, पन या झडपीचा कायदा अलग हाय. उन्हाळाभर खिडकी चार बोटं खुली ठेवा लागंन, नाई तं पंख्यावर जोर येऊन मोटर जळंन. मोटर म्हनल्याबरोबर मानला.

श्रीनिवास : मिस्त्री, प्रभाकररावही तुमच्याकडून असंच बसवून घेणार होते ना?

चंद्रभान : होते. कुंपनापाशीच उभे होते. आयकलं त्याइनं. म्हने, 'चंद्रभान, मी जरा इचार करतो.' करो बापडे. उन्हाळे काय एकच येते?

श्रीनिवास : मी त्यांना खरं सांगीन. आजच.

चंद्रभान : खबरदार! त्याइच्या पोटात गोष्ट राह्यली असती तं आज सकाळी गल्ली गोळा झाली असती का?

श्रीनिवास : पण तुमचं नाव जाईल, मिस्त्री. हे मला बरोबर वाटत नाही.

चंद्रभान : थोडं तं माह्याही अंगावर येते. ज्या घरात यंत्र बसवलं त्या घरातल्या साऱ्याइले शिकवाचं असते. मी दोघाले शिकवलं अन् तिसऱ्याले सोडून देल्लं. गावी होता म्हनून का झालं? येनार तं होता.

श्रीनिवास : ट्रंक?

चंद्रभान : तिथंच तं अडलं. म्हातारा निवला, पन उठून कुलूप काढाले त्याचा हात होत नाई. रिक्षावाला सांगून बसला, गाडी ठरवून बसला, आता स्वतःहून कसा म्हनंन, राह्यतो? म्हने, 'बोललो तं आता जाऊन येतो.' पन त्या आवाजात जोर नव्हता. कोनी हात धरला पाह्यजे. तो हात माहा नाई चालत. म्हनून आलो.

श्रीनिवास : किती वाजले?

चंद्रभान : पावने चार झाले असतीन.

श्रीनिवास : बडेबाबूले सांगून येतो. तुमी सायकल काढा. मले माह्या मागं पाह्यजे तुमी... तुम्ही या, मिस्त्री.

चंद्रभान : 'मले' निघालं तोंडातून? बरं झालं. घरी तसंच बोला. बापासमोर कचेरीतलं बोलू नका.

श्रीनिवास : जाऊन बोलू काय पण? मले तं काईच सुचून नाई राह्यलं. ट्रंकेले हात लावू का पह्यले?

चंद्रभान : ट्रंकेकडे पाहाचंही नाई. दारातून आत जाजा अन् मले चांगलं झाडाले लागजा. मी मागं उभा राहीनच. 'तीस वर्साचा मिस्त्री म्हनवते अन् झडप उलटी ठोकते! माह्या बापाले चार दिवस शिजवलं यानं!' असं. मोठ्यानं. तुमी माह्यावर तुटून पडले का अण्णाजीले राहावनार नाई. तोही उठंन. बाप-लेक मिळून तिसऱ्याले शिव्या देऊन राह्यले, तं रिक्षावाल्याले कोनीही वापस पाठवते.

श्रीनिवास : तुमाले शिव्या? माह्याच्यानं होनार नाई.

चंद्रभान : होईन. पन एवढं करजा, भाऊ. दोन वाक्यं बोलले का जरा दम घेजा. मधात अण्णाजीले जागा ठेवजा.