सिंहासनावरचा फेटा

मंडळी, आज एक साधा प्रश्न घेऊन उभा आहे. पाहुण्याला उंच बसवलं, मऊ बसवलं, म्हणजे त्याचा मान झाला का? घाईने माना डोलवू नका. मलाही उत्तर नीटसं ठाऊक नाही. आधी गोष्ट ऐका. माझा आवाज लहान आहे, तेव्हा मागच्यांनी पुढे सरकून घ्या.

एका गावच्या जत्रेत गुलाबभाई अत्तार यांचा सिनेमाचा तंबू लागायचा. वर ताडपत्री, खाली माती, मातीवर माणसं. बाप्ये एका बाजूला, बाया एका बाजूला, मध्ये दोरी. पडद्यावर देव आला की लोक चपला काढून हात जोडायचे. तिकिटं फाडायला गुलाबभाईंची बायको, जैनबभाभी. संसार असा तंबूतच चाललेला.

त्या वर्षी शेजारी शहरातला तंबू आला. खुर्च्यांना गाद्या, दोन्हीकडे थंड हवेची यंत्रं, दाराशी सरबत! आणि यात्रा कमिटीने ठरवलं, पुढच्या वर्षापासून देवळापुढच्या मैदानात एकच तंबू. कमिटीचे अध्यक्ष तात्या जगदाळे. ते दोन्हीकडे एकेक खेळ बघणार आणि निकाल देणार.

आता गुलाबभाईंचा जीव कसा झाला असेल, सांगा बरं? ते मैदान गेलं तर तंबू गुंडाळायचा आणि कुणाच्या तरी दुकानात वजनं उचलायची. त्यांनी विचार केला, आपणही शाही व्हायचं. मांडववाल्याकडून त्यांनी लग्नातलं सिंहासन आणलं. ते हो, नवरानवरी बसतात ते! लाल मखमल, हातांच्या जागी सोनेरी सिंह. तंबूत सगळ्यांत मागे चार टेबलं जोडून त्यावर चढवलं. शेजारी गुलाबपाणी, मसाला दूध, पंखा. जैनबभाभी म्हणाल्या, एवढ्या उंचावर माणूस एकटा काय करणार? गुलाबभाईंनी ऐकलं नाही. कुठल्या घरात ऐकतात, मंडळी?

तात्यांनी पहिला खेळ शेजारच्या तंबूत बघितला. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ते इकडे आले. डोक्याला मानाचा फेटा, वर हातभर तुरा. त्या गावची रीत अशी, की मानकऱ्याने बांधलेला फेटा पालखी देवळात परत येईपर्यंत उतरवायचा नाही. तात्या सिंहासनावर बसले ते मखमलीत रुतलेच. दूध प्यायले, मान डोलावली. गुलाबभाईंचा जीव भांड्यात पडला.

चित्रपट बाळकृष्णाचा. कृष्णाने माती खाल्ली, यशोदा रागावली, म्हणाली तोंड उघड. आता त्या तोंडात विश्व दिसणार! तंबूत टाचणी पडली तरी ऐकू यावं अशी शांतता. तात्या भाविक माणूस. गादीच्या कडेला सरकले, ताठ झाले, हात जोडले. आणि कृष्णाने तोंड उघडलं...

विश्व नाहीच! तोंडात एक काळा डोंगर, वर तुरा!

सिंहासनाच्याही मागे असलेल्या सिनेमाच्या यंत्रातून येणारा प्रकाश तात्यांच्या डोक्यावरून जात होता ना! ताठ बसल्यावर फेटा मध्ये आला. ज्याचा फेटा, त्यालाच कळेना. तात्या डावीकडे वाकले, डोंगर डावीकडे. उजवीकडे वाकले, डोंगर उजवीकडे. बायांनी तोंडाला पदर लावले. तात्या वैतागून म्हणाले, "गुलाब, ते काळं काय आडवं आलंय? तुझं यंत्र बिघडलंय."

सगळ्यांना कळलंय, पण बोलणार कोण? यंत्र बिघडलं म्हटलं तर मैदान जातं. खरं सांगितलं तर अध्यक्षांचा अपमान, म्हणजे तरीही जातंच. गुलाबभाईंनी यंत्र थांबवायला लावलं. टेबलाशी गेले. पाय लटपटत होते.

"तात्या, यंत्र चांगलं हाय," ते हळू आवाजात म्हणाले. "तो तुमचाच फेटा हाय. चूक माझी. मीच तुमाला नको तितकं वर बसवलं."

तात्यांचा हात फेट्याकडे गेला. उतरवता येईना, रीत आडवी! पुन्हा मखमलीत रुतून बसावं, तर देवापुढे लोळल्यासारखं! मग त्या धिप्पाड माणसाने टेबलाच्या कडेला पाय सोडले आणि धप्पकन खाली उडी मारली. गर्दीत जागा शोधू लागले. एक म्हातारे गुडघे सावरत म्हणाले, "ये रं तात्या. हितं मावतोस. तुरा तेवढा माझ्या डोळ्यात घालू नको."

तात्या मातीत बसले. म्हाताऱ्यांनी ओंजळभर शेंगा दिल्या. गुलाबभाईंनी तो प्रसंग पहिल्यापासून लावला. कृष्णाने तोंड उघडलं, आणि आता सूर्य दिसला, चंद्र दिसला, तारे दिसले. साऱ्या तंबूने हात जोडले. तात्यांच्या हातात शेंगा होत्या, त्यांनी शेंगांसकट जोडले!

खेळ संपल्यावर तात्या धोतराची माती झटकत म्हणाले, "तिकडं सरबत गार होतं. पण खेळभर मला कुणी 'ये, हितं मावतोस' म्हणालं नाही. मैदान तुझं, गुलाब."

आणि सिंहासन? गुलाबभाई ते परत पाठवायला निघाले होते, जैनबभाभींनी अडवलं. तंबूच्या दाराबाहेर जमिनीवर मांडलं. तिकीट काढील त्याने क्षणभर बसायचं, अंगावर गुलाबपाणी घ्यायचं, मग आत मातीत. मंडळी, रांग लागली रांग! शेजारच्या तंबूचा सरबतवालासुद्धा बसून गेला. एक आजी बसल्या आणि आजोबांना म्हणाल्या, "लग्नात पाटावर उरकलंत. आता बसा शेजारी." आजोबा लाजले. पण बसले.

तर आता माझा प्रश्न तुमच्याकडे. आपण देवळात जातो, हात जोडतो, ताठ होतो आणि म्हणतो, देव दिसत नाही, मध्ये काहीतरी काळं येतंय. कधी पुजाऱ्याला बोल लावतो, कधी शेजाऱ्याला, कधी काळाला. डावीकडे वाकून बघा. ते काळं डावीकडे सरकलं, तर समजा ते कुणाचं आहे! आणि कुणी लटपटत्या पायांनी येऊन तसं सांगितलं, तर त्याच्यावर डोळे वटारू नका. खाली उतरा. खाली जागा होते.

चला, शेजाऱ्याला थोडी जागा करून द्या, आणि सगळे मिळून देवाचं नाव घेऊ.