दोन कुलपं

(बंद पवनचक्कीच्या टॉवरच्या आत, अगदी खाली. लोखंडी दार अर्धवट उघडं.)

आई : किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. पण सांगून ठेवते, लगेच देणार नाही. आधी सगळं दाखवायचं, मग बघू.

टेक्निशियन : दाखवते काकू. तेवढं हेल्मेट घाला.

आई : कशाला? बंदच आहे ना ती?

टेक्निशियन : बंद असली तरी घालायचं. वरून साधा नट पडला तरी डोकं फुटतं.

आई : घाल बाई, घाल. अगंबाई, एवढी पोकळ असते होय ही? बाहेरून मला भरीव वाटायची. एवढा मोठा खांब आणि आत काय, तर शिडी!

टेक्निशियन : शिडी, तो पडताना अडवणारा दोर आणि त्या केबली. वरपर्यंत एवढंच.

आई : वर बघितलं तरी गरगरतंय. आणि हे माझं पोरगं रोज चढायचं?

टेक्निशियन : रोज. कधी कधी दोनदा. मध्ये दम खायला मजले आहेत, ती फळी दिसते ना, तसे. पहिल्या मजल्यावर तो हटकून थांबायचा आणि म्हणायचा, मी दमलो नाहीये, तुझ्यासाठी थांबलोय.

आई : खोटारडा कुठला! घरी गच्चीवरून कपडे काढून आण म्हटलं, तर गुडघे दुखायचे त्याचे. सहा फुटी धूड, पण कामाचं नाव काढलं की लगेच छोट्या व्हायचा.

टेक्निशियन : छोट्या?

आई : घरात छोट्याच तो. तुम्ही काय म्हणायचात?

टेक्निशियन : उस्ताद.

आई : उस्ताद! कुणाचा कोण, आणि उस्ताद... बरं, मला आता हे सगळं नीट समजाव. त्याने शंभर वेळा सांगायचा प्रयत्न केला गं. मी आपली शिलाईत मान घालून हूं हूं करायची. एक अक्षर डोक्यात शिरलं नाही. आता ऐकायला बसलेय, तर सांगणारा गेला.

टेक्निशियन : सोपं आहे काकू. अगदी वर एक खोली आहे, लांबोडकी, छोट्या बसएवढी. तिच्या तोंडाशी पाती. पाती सावकाश फिरतात, त्यांच्याबरोबर आत एक जाडजूड दांडा फिरतो. पण एवढ्या हळू फिरण्याने वीज होत नाही. म्हणून मध्ये गिअरबॉक्स. तिथे मोठी चाकं लहान चाकांना फिरवतात आणि वेग वाढतो. त्या वेगाने जनरेटर फिरतो, वीज होते आणि या केबलींतून खाली येते.

आई : म्हणजे माझं पायाचं मशीनच की! खालचं मोठं चाक जरासं हललं, की वरचं छोटं भर्रकन फिरतं.

टेक्निशियन : तेच. नवीन कोणी आलं की तो असंच शिकवायचा. आमच्या आईचं मशीन डोळ्यांसमोर आणा, म्हणायचा.

आई : माझं मशीन? इथे? लोकांना सांगायचा?

टेक्निशियन : सगळ्यांना. इथल्या निम्म्या लोकांनी तुमचं मशीन न बघता ओळखलं असतं.

आई : आणि मी त्याला म्हणायचे, शिकलास एवढा, तर खुर्चीवर बसायची नोकरी धर. खारीसारखा चढउतार कसला करतोस... असू दे. त्या केबलींना पीळ का पडलाय गं? कुणी नीट लावल्या नाहीत वाटतं.

टेक्निशियन : नाही, तो पडतोच. वारा बदलला की वरची खोली त्याच्याकडे तोंड फिरवते. पुन्हा बदलला, पुन्हा फिरते. तसा केबलींना पीळ बसत जातो. फार झाला की ती आपणहून थांबते, उलटी फिरते, सगळा पीळ सोडवते आणि मग कामाला लागते.

आई : बरं आहे बाई तिचं... तू बोल गं. मी रडले तर रडू दे, थांबू नकोस. वर कसं असतं? मला वर नेतेस का?

टेक्निशियन : नाही नेता यायचं काकू. तुमचे गुडघे...

आई : माहितीय. विचारून बघितलं. मग सांग तरी.

टेक्निशियन : दुपारी भट्टी असते नुसती. ऑइलचा वास कपड्यांतून जात नाही.

आई : तो वास मला सांगू नकोस. त्याचा एक शर्ट मी अजून धुतला नाहीये.

टेक्निशियन : वारा जोरात असला की सगळं झुलतं. ठेवलेल्या कपातला चहा हिंदकळतो. पहिले काही दिवस मला मळमळायचं. तो म्हणायचा, लांबचं काहीतरी बघत राहा, बरं वाटेल. छताला झडप आहे, ती उघडून आम्ही दोघं डोकं बाहेर काढायचो. तिथून तुमची गच्ची दिसते.

आई : आमची?

टेक्निशियन : पाण्याच्या निळ्या टाकीची ना? दोरीवर कापड वाळत असलं की म्हणायचा, आज आईने पडदे शिवायला घेतलेले दिसतात.

आई : देवा रे... तो तिथून माझ्याकडे बघायचा, आणि आता मी रोज सकाळी गच्चीतून हिच्याकडे बघते. ओळीतल्या बाकीच्या सगळ्या फिरतात. एकटी ही उभी. शेजारीण म्हणाली, बिघडलेली दिसते. मी म्हटलं, बिघडली नाही गं, थांबलीय. खरं सांगू? ही थांबलीय म्हणून मला बरं वाटतं. कुणीतरी एक आहे, ज्याचं त्याच्यावाचून अडलंय. ती फिरायला लागली की संपलं. गेला तर गेला, कुणाचं काही अडलं नाही, असंच ना?

टेक्निशियन : उद्या कंपनीवाले कापणार आहेत काकू. त्याचं कुलूप. दीड महिना मी काही ना काही सांगून टाळलं. आता वरून हुकूम आलाय.

आई : कापणार! एका कुलपाला एवढी घाई?

टेक्निशियन : इकडे या. हा मोठा खटका दिसतोय? चढायच्या आधी हा बंद करायचा आणि प्रत्येकाने त्याला आपलं स्वतःचं कुलूप लावायचं. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. मोठे साहेब आले तरी दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही. कारण कुलूप आहे म्हणजे माणूस अजून कामावर आहे. आपण वर गिअरबॉक्सपाशी असताना खाली कुणी खटका वर केला, तर आपलं काही खरं नाही.

आई : आणि तो खाली आला होता ना? मग काढलं का नाही?

टेक्निशियन : काम अर्धं होतं. ऑइलचा फिल्टर चुकीचा आला होता. तो बदलून आणायला गोदामात गेला. आलोच म्हणाला, म्हणून कुलूप तसंच. मी वर थांबले.

आई : त्या ट्रकवाल्याचं वाटोळं होवो.

टेक्निशियन : एक सांगते, रागावू नका. मी झडपेतून वाट बघत होते. वळणावर गर्दी जमलेली मी पाहिली. वाटलं, कुणाची तरी गाडी पंक्चर झाली असेल. मला त्याचाच राग येत होता, की हा आता तिथे थांबून लोकांना मदत करत बसणार आणि आपलं काम रखडणार. माझ्या मनात दुसरं काही आलंच नाही काकू.

आई : कसं येईल पोरी? मी त्या वेळी बाहीला काज करत होते. मला तरी कुठे काय कळलं? आई असून काळजात चर्र झालं नाही की काही नाही. मजेत गुणगुणत होते... ये, इथे बस माझ्याजवळ. एक विचारू? खरं सांग. तुमचं दोघांचं काही होतं का?

टेक्निशियन : तसं नव्हतं काकू. रोज चढायच्या आधी माझे सुरक्षेचे पट्टे तो ओढून बघायचा आणि त्याचे मी. एवढंच होतं. आता दुसऱ्या कुणी माझा पट्टा ओढला, की मला तो ढिलाच वाटतो. पुन्हा पुन्हा तपासत बसते.

आई : हं... लाल कुलूप त्याचं ना? किल्लीवर लाल टेप आहे. दवाखान्याने दिलेल्या पिशवीत होती, घड्याळाबरोबर. आणि हे पिवळं कुणाचं?

टेक्निशियन : ते राहू दे.

आई : राहू दे काय? कुणाचं?

टेक्निशियन : माझं.

आई : तुझं? तुझ्याकडे तर किल्ली आहे!

टेक्निशियन : आहे.

आई : उरलेलं काम व्हायचंय का अजून?

टेक्निशियन : ते दुसऱ्या जोडीने पुरं केलं. आपली कुलपं लावली, काम केलं, काढून घेऊन गेले. ही दोनच राहिली. काकू, आम्ही बरोबरच काढायचो. त्याचं तसंच ठेवून माझं एकटीचं काढायला... रोज येते, किल्ली घालते आणि परत जाते.

आई : वेडी गं, वेडी! मी तिकडे गच्चीत बसलेय आणि तू इकडे. दोघींनी मिळून एवढ्या मोठ्या मशीनला वेठीस धरलंय. त्याला कळलं असतं तर हसून लोळला असता.

टेक्निशियन : हसला असता.

आई : परक्या माणसाने कातर लावण्यापेक्षा... पकड माझी पर्स. कशी फिरवायची? अशी?

टेक्निशियन : जरा आत दाबून. हां.

आई : निघालं. किती हलकं आहे गं! आता तुझं काढ. बघत काय बसलीस, काढ. मी आहे ना इथे.

टेक्निशियन : ... काढलं.

आई : शहाणी माझी ती. आता?

टेक्निशियन : आता खटका वर. मग हे हिरवं बटण. पण त्याआधी एक करावं लागतं. शिडीखाली उभं राहून वर हाक मारायची, कोणी राहिलंय का म्हणून. थांबायचं. उत्तर आलं नाही, तरच चालू करायची.

आई : सगळे खाली आलेत हे डोळ्यांनी दिसत असलं तरी?

टेक्निशियन : तरी. रोज. पण आज माझ्याने नाही व्हायचं काकू.

आई : सरक. इथे उभं राहू?

टेक्निशियन : हो. मान वर करून.

आई : वर कोणी आहे का? ... अरे, वर कोणी आहे का रे? ... छोट्या!

टेक्निशियन : ...

आई : घुमतो गं. माझाच आवाज परत येतोय. किती वेळ थांबायचं असतं?

टेक्निशियन : तुम्हाला वाटेल तेवढा.

आई : ...

टेक्निशियन : काकू?

आई : नाही गं पोरी. वर कोणी नाही. दाब तू.